लग्नाआधीचं मृत्युपत्र चालतं का?

प्रश्न : आम्ही गोराईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. वडिलांनी मृत्युपत्रात घर मला दिलं. पुढे आई वारली आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. ते मृत्युपत्र चालेल का?

उत्तर : नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६९ नुसार ख्रिस्ती व्यक्तीच्या लग्नानं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. नवं न केल्यास एक तृतीयांश वाटा पत्नीला, उरलेला मुलांना. वडिलांनी साध्या कागदावर नवं करावं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच. तुम्ही किंवा तुमच्या पत्नीनं साक्षीदार म्हणून सही केली, तर कलम ६७ प्रमाणे घर हातचं जाईल. जुन्या कागदावरची तारीख बदलायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. बनावट मृत्युपत्राला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.