बैलाचा मागचा पाय

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. तिने काढलेल्या बैलाचे पाय टेबलासारखे सरळसोट दिसतात. काय करावं?

उत्तर : घोळ सांध्यांचा आहे. बैलाच्या मागच्या पायाच्या मध्यावर उलटा वाकलेला जो सांधा दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. आधी २बी पेन्सिलने, हलक्या हाताने, छाती आणि पुठ्ठा असे दोन लंबगोल काढायला सांगा. वशिंड पुढच्या पायांच्या वर येतं, पाठीच्या मध्यावर नाही. मग पायांच्या नुसत्या मोडलेल्या रेघा, जाडी नंतर. शिंगं-डोळे सगळ्यात शेवटी. मुलं नेमकी तिथूनच सुरुवात करतात आणि मग शेपटीकडची बाजू कागदात मावत नाही. खोडरबर तूर्त लपवून ठेवलेलं बरं!