पी.टी.च्या तासाला खरोखर धावतात किती जण?

माध्यमिक शाळेच्या वयात मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे अंग तापेल, धाप लागेल अशी हालचाल लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत हेच माप आहे. शिवाय आठवड्यातून किमान ३ दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. हाडांची घडण याच वयात सर्वांत वेगाने होते, आणि उड्या, धावणे, एकदम थांबणे यांचा भार हाडांवर पडला तरच ती भरीव होतात. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले या मापाला पुरी पडत नव्हती.

ही हालचाल कशी घटते, ते पुण्यालगतच्या मांजरी बुद्रुकमध्ये दिसते. हे ऊस आणि द्राक्षांच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे गाव. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथेच आहेत. २०२१ मध्ये हे गाव पुणे महापालिकेत आले. शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या की मुलांचा दिवसही बदलतो. सकाळी स्कूलबस, संध्याकाळी क्लास, आणि खाली उतरावे तर पार्किंग. अशा वस्तीत शाळेतला पी.टी.चा तास हीच पुष्कळ मुलांची दिवसातली धावण्याची एकमेव वेळ असते. म्हणून या तासातले प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

खो-खोचेच उदाहरण घ्यावे. या खेळाची नियमावली १९१४ मध्ये पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याने बांधली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हा प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते. दम, चपळाई आणि मांड्यांची ताकद या तिन्हींसाठी इतका स्वस्त आणि चांगला खेळ दुसरा नाही. पण पूर्ण नियमांनी खेळवला, तर ८ जण पाटीवर उकिडवे बसलेले असतात, १ जण पाठलाग करतो आणि ३ जण पळतात. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात कोणत्याही क्षणी धावणारी मुले फक्त ४. उरलेली २८ कडेला उभी राहून आपली पाळी कधी येते ते पाहतात, आणि त्यांत जाड, लाजरी, मागे पडणारी मुले हमखास असतात. ज्यांना व्यायामाची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच तो सर्वांत कमी मिळतो.

यावर उपाय साधा आहे. फक्कीने ४ छोटी मैदाने आखावीत. प्रत्येकावर १० मुले: ६ बसलेली, १ पाठलागाला, ३ पळतीला. खांबांऐवजी प्लॅस्टिकचे शंकू ठेवावेत. खांबावर आपटून होणाऱ्या इजाही टळतात. दर ३ मिनिटांनी शिट्टी झाली की भूमिका बदलाव्यात. याच वर्गात आता एका वेळी १६ मुले धावतात, आणि तास संपेपर्यंत प्रत्येकाला घाम येतो. शाळेचा संघ निवडणे हे वेगळे काम आहे. ते शाळा सुटल्यावर करावे.

खेळाआधीची तयारी म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या नव्हेत. हळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, बैठका, गुडघा आत न वळू देता उडी मारून उतरणे, असा क्रम १० ते १५ मिनिटे हवा. नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवरील २००८ मधील अभ्यासात अशा नियमित तयारीने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. लंगडी इथे फार उपयोगी पडते. तोल आणि पोटरी दोन्ही एकदम घडतात.

वय सारखे म्हणून शरीर सारखे नसते. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची १३-१४ व्या. आठवीच्या एकाच बाकावर ३२ किलोचा आणि ५८ किलोचा मुलगा बसतो. कबड्डीत त्या दोघांना समोरासमोर आणू नये. जोड्या वजनाने लावाव्यात, इयत्तेने नव्हे. वाढीच्या या काळात काही मुलांच्या गुडघ्याच्या वाटीखालचे हाड सुजून दुखते, उडी मारताना जास्त. अशा मुलाला काही आठवडे उड्या कमी द्याव्यात. दुखणे अंगावर काढायला लावू नये. लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

‘दम लागतो’ म्हणून कडेला बसणारी मुलगी नेहमी आळशी नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आठवड्याची लोहाची निळी गोळी ती खरोखर घेते का, हे घरी पाहावे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पाळीत मुलीला बरे वाटत असेल तर खेळण्यात काहीच गैर नाही. फक्त शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह हवे.

एप्रिल-मे महिन्यांत खेळ सकाळी ९ च्या आत उरकावा आणि दर १५-२० मिनिटांनी पाणी पाजावे. दम्याच्या मुलाचा पंप वर्गातल्या दप्तरात नव्हे, मैदानावर सरांजवळ असावा. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळलेपणा आला, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. खेलो इंडियाच्या चाचणीतली ६०० मीटरची वेळ किंवा वजन वर्गापुढे वाचून दाखवू नये. ज्याची त्याला द्यावी, आणि तीन महिन्यांनी त्याच्याच आधीच्या वेळेशी ताडून पाहावी.

धावता धावता शुद्ध हरपली, छातीत दुखले, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर ई.सी.जी. आणि डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत त्या मुलाला मैदानात उतरवू नये.