सुतार पक्ष्याच्या शोधात

हुदहुद हा पक्षी तुम्हांला गोष्टीतून माहीत आहे. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्याकडे सबा देशाच्या राणीची खबर आणणारा पक्षी तो हाच. पण तो कसा दिसतो? वर्गात हे विचारले की पुष्कळ हात वर होतात आणि उत्तर येते, "सर, तो चोचीने झाडाला भोक पाडतो!"

येथेच घोटाळा होतो. हुदहुदाची चोच लांब, बारीक आणि वाकलेली असते. तो जमिनीवर चालतो व मऊ मातीत चोच खुपसून किडे काढतो. लाकूड फोडणे हे त्याचे काम नव्हे. झाडाला भोक पाडणारा पक्षी वेगळा. उर्दूत आपण त्याला खुटबढई म्हणतो, मराठीत तो सुतार पक्षी. बढई म्हणजेच सुतार. दोन्ही भाषांनी त्याला कामावरूनच नाव दिले आहे! हुदहुद आणि सुतार या दोघांनाही तुरा असतो, म्हणून लोक फसतात.

आपल्याकडे सुतार पक्ष्यांच्या अनेक जाती आहेत. मराठा सुतार नावाचा एक लहानसा पक्षी बाभळीच्या माळरानातही राहतो. पण शोधायला सर्वांत सोपा म्हणजे सोनपाठी सुतार. तो साळुंकीपेक्षा थोडा मोठा असतो. पाठ सोनेरी पिवळी आणि तुरा लालभडक. तो जंगलात राहतो, तसाच आमराईत, नारळाच्या बागेत आणि गावातल्या मोठ्या झाडांवरही दिसतो.

एका हिवाळ्यात मी नववीच्या मुलामुलींना घेऊन पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात गेलो होतो. सकाळचे सात वाजले होते. अर्धा तास झाला तरी काही दिसेना. मुले कंटाळली. मग मी त्यांना डोळे मिटून फक्त ऐकायला सांगितले. थोड्या वेळाने टक्... टकटक्... असे ठोके ऐकू आले. मध्येच थांबत, मध्येच घाई करत. (एकसारखे, घड्याळासारखे "टुक टुक टुक" ऐकू आले तर तो सुतार नव्हे, तांबट पक्षी समजावा.)

आवाजाच्या झाडाजवळ गेलो, तर पक्षी नाही! माणसाची चाहूल लागली की सुतार पक्षी हळूच बुंध्याच्या पलीकडे सरकतो. तुम्ही वळसा घातलात की तो पुन्हा दुसऱ्या बाजूला. म्हणून आम्ही दोन गट केले. एक जागेवर थांबला, दुसरा लांबून फिरून पलीकडे गेला. पलीकडच्या एका मुलीने ठरल्याप्रमाणे नुसता हात वर केला. लगेच तो पक्षी सरकत आमच्या बाजूला आला. कपाळ काळे, त्यावर पांढरे ठिपके आणि मागे लाल तुरा. म्हणजे ती मादी होती. नराचा माथा पुढपासून मागपर्यंत लाल असतो. कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही. मग ती खिदळल्यासारखी ओरडत, लाटेसारखी वरखाली होत उडून गेली आणि मुलांनी एकच गलका केला.

या सुताराची हत्यारे पाहा. चोच पटाशीसारखी. शेपटीची पिसे ताठ, ती बुंध्याला टेकवून तो तोल सांभाळतो. जीभ इतकी लांब की तिच्या आधाराची हाडे कवटीच्या मागून वळून वर माथ्यावर येतात. ती भोकात घालून तो मुंग्या आणि अळ्या बाहेर ओढतो. एवढे घाव घालून त्याचे डोके दुखत कसे नाही? त्याच्या कवटीत गादीसारखी सोय आहे, असे पुस्तकांत लिहिलेले असे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र वेगळेच दिसले. त्याचे डोके हातोड्यासारखे ताठ असते. मध्ये गादी असती तर घावाचा जोरच कमी झाला असता. मेंदू लहान असल्यामुळे त्याला तो धक्का सोसतो.

घरट्यासाठी तो खोडात ढोली कोरतो. त्याला मेलेले, आतून मऊ झालेले लाकूड सोयीचे पडते. पिल्ले उडून गेली की त्याच ढोलीत साळुंक्या किंवा पोपट राहायला येतात. त्यांना स्वतःला ढोली कोरता येत नाही. आपण मात्र वठलेले झाड दिसले की "आता याचा काय उपयोग?" म्हणून कुऱ्हाड आणतो. रस्त्यावर किंवा घरावर पडेल अशी फांदी तोडावीच लागते, त्याला इलाज नाही. पण शेताच्या बांधावर, कबरस्तानाच्या कोपऱ्यात किंवा शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे असलेले सुके झाड कोणाच्या वाटेत येते?

तुमच्या घराजवळ असे एखादे झाड असेल. त्याच्यावर गोल भोक आहे का, ते आधी पाहा. असेल तर उद्या सकाळी वही घेऊन थोडे दूर बसा. बरोबर एक मित्र न्या आणि त्याला झाडाच्या पलीकडे बसवा.