घरासाठी सोलर इन्व्हर्टर किती किलोवॅटचा?

प्रश्न : महिन्याला सुमारे ३०० युनिट वीज लागते. सोलर इन्व्हर्टर किती क्षमतेचा घ्यावा?

उत्तर : ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या, इन्व्हर्टरची क्षमता घरातल्या उपकरणांवरून नव्हे, पॅनेलवरून ठरते. महाराष्ट्रात १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतात. ३०० युनिटांसाठी अडीच ते तीन किलोवॅट पुरतात. तापलेल्या छतावर पॅनेल छापील क्षमता क्वचितच गाठतात, त्यामुळे ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला साडेतीन किलोवॅटचे पॅनेल जोडले तरी फारशी वीज वाया जात नाही. मात्र एका रांगेत जोडलेल्या पॅनेलचे एकूण व्होल्टेज इन्व्हर्टरच्या कमाल मर्यादेत हवेच. थंडीच्या सकाळी ते सर्वाधिक चढते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती अनुदान ३ किलोवॅटनंतर ७८,००० रुपयांवरच थांबते, तेव्हा उगाच मोठा इन्व्हर्टर घेण्यात अर्थ नाही.

वीज गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टरही बंद पडतो. लाइनमनच्या सुरक्षेसाठी ते आवश्यकच असते. भारनियमन असलेल्या गावात बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि तिथे हिशेब उलटतो. एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांचे वॅट मोजावे लागतात. १ एचपीचा पंप चालताना साधारण हजार वॅट घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या काही पट. तो झटका इन्व्हर्टरला पेलता आला पाहिजे.