माघारीच्या दिवशी तीनपर्यंत

पंढरपूर

चि. सोनूस,


काल तुझ्या आईचा फोन आला होता. 'दादा, तुम्हीच तिला विधानसभेच्या नादी लावलंत' म्हणाली. मी कुणाला लावलेलं नाही. 2004 ला मी विधानसभेला उभा राहिलो तेव्हा तू पहिलीत होतीस आणि प्रचाराच्या जीपमध्ये पुढे बसायला मिळतं म्हणून खूश होतीस. डिपॉझिट जप्त झालं, पाच हजार गेले. तेव्हापासून घरात निवडणुकीचा विषय निघाला की तुझी मामी भाजी जरा जोरात चिरते.

आता डिपॉझिट दहा हजार आहे. ते वाचवायला झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. दोन लाख मतं झाली तर 33,334. आकडा कागदावर लिहून भिंतीला लाव. 'हवा आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतील, तेव्हा भिंतीकडे बघ.

तुझा पक्ष नोंदणीकृत असला तरी मान्यताप्राप्त नाही, म्हणून तुला एक नाही, दहा सूचक लागतील आणि दहाही त्याच मतदारसंघातले मतदार. पाहुणे मोजू नकोस. चिन्ह मोकळ्या यादीतून मिळेल. तिथे तुला कुणीतरी शहाणा सांगेल, मोठ्या पक्षाच्या चिन्हासारखं दिसणारं माग. 2024 च्या लोकसभेला साताऱ्यात ट्रम्पेट चिन्हाच्या एका अपक्षाला 37,062 मतं पडली आणि मोठ्या पक्षाचा तुतारीवाला उमेदवार 32,771 मतांनी पडला. तसली मतं मिळालीच तर दुसऱ्या दिवशी त्या मतदारांच्या दारात कुठल्या तोंडाने जाशील?

'मतं खायला उभी राहिली' हे तर ऐकावंच लागेल. चिडू नकोस. मत कुणी आधीच ताटात वाढून ठेवलेलं नसतं, एवढं एकदा शांतपणे सांग आणि पुढच्या घरी जा. मात्र माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन दुसऱ्याच्या हातात दे. 2004 ला त्या दिवशी मला माघार घ्या म्हणून एक फोन आला होता. रक्कम सांगत नाही, पण घराचा स्लॅब टाकून झाला असता. मी नाही म्हणालो याचा अभिमान पुढे वाटला. त्या क्षणी नुसता घाम फुटला होता.

माझी चूक वेगळीच झाली. सभा केल्या, गाणी लावली, बूथ मात्र मोजले नाहीत. निम्म्याहून जास्त केंद्रांवर आपला पोलिंग एजंटच नव्हता. एका गावात होता, तो दुपारी 'जेवून येतो' म्हणून गेला. जेवण समोरच्या पार्टीने घातलं होतं. परत आला नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष हजर असलेल्या एजंटाला 17-सी फॉर्मची प्रत देतात, त्या यंत्रात एकूण किती मतं पडली ती. मोजणीला त्या गावाचं यंत्र उघडलं, मला आकडा कमी वाटला, मी उठून बोललो. अधिकाऱ्याने नम्रपणे विचारलं, 'तुमच्याकडची 17-सी?' मी खिसे चाचपले. खिशात प्रचाराचं पत्रक होतं. आकडा बरोबरच असेल, पण तो तपासायचा हक्क मी एका जेवणावर घालवला होता. तेव्हा आधी एजंट आणि त्याचा डबा, मग लाऊडस्पीकर.

आपल्या शेजारचं सांगोला बघ. शेतकरी कामगार पक्ष 1947 चा, राज्यात पुढे किती आक्रसला. पण गणपतराव देशमुख 1962 पासून त्याच पक्षावर अकरा वेळा निवडून आले. 1995 ला अवघ्या 192 मतांनी पडले, 1999 ला परत आले. 2019 ला त्यांचा एक नातू 768 मतांनी हरला, 2024 ला दुसऱ्या नातवाने जागा परत मिळवली. लोक त्यांच्या एसटीच्या प्रवासाच्या गोष्टी सांगतात, आणि त्या खऱ्या आहेत. मला मोठी वाटतात ती 1995 ला पडल्यानंतरची वर्षं. पाणी आणि दुष्काळ हे विषय त्यांनी त्या काळातही सोडले नाहीत. तू मात्र हरल्यावर पुण्याला नोकरीवर परत जाणार असशील तर आत्ताच सांग, दहा सूचकांना कशाला उन्हात उभं करायचं!

खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे. तू एवढे बघणारही नाहीस, तरी चहाचीही पावती ठेव. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात. स्वतंत्र खातं अर्ज भरायच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं हवं.

रविवारी ये. येताना मतदारयाद्या आण आणि प्रत्येक केंद्रासमोर एका माणसाचं नाव लिहून आण. जिथे नाव सुचणार नाही ती जागा कोरी ठेव. आधी त्याच गावांना जाऊ. जीप चालवायला मी आहे.

तुझा,
मामा