काठोकाठ भरलेले रांजण

शास्त्रपाठ : योहान २:१-११



हा पाठ वाचण्याआधी वरील अकरा वचने घरातल्या सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावी. काना गावच्या लग्नाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, म्हणूनच ती आपण भरभर वाचतो. या वेळी रांजणांपाशी थांबा.

सहा दगडी रांजण. शास्त्रात दिलेल्या मापावरून पाहिले तर एकेकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावत असावे. म्हणजे सगळे मिळून निदान ४८० लिटर. आपल्या पाड्यांवरची बाई डोक्यावर जो हंडा आणते त्यात बारा-पंधरा लिटर पाणी असते. हिशेब करा. ते रांजण भरायला तीस-चाळीस खेपा तरी झाल्या असतील. मे महिन्यात मोखाड्याकडे झऱ्यावर वाटीने पाणी भरणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या आज्ञेचे वजन कळेल. पाणी कशासाठी हवे, हे चाकरांना कोणी सांगितले नव्हते. तरी त्यांनी अर्धे रांजण भरून काम उरकले नाही. काठोकाठ भरले.

आता पुढे पाहा. भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, पण तो कुठून आला हे त्याला समजले नाही. वराला तर काहीच पत्ता नव्हता. ज्यांनी पाणी काढून नेले होते त्या चाकरांना तेवढे माहीत होते. मानाच्या पंगतीत बसलेल्यांना चमत्काराची चव मिळाली. तो होताना ज्यांच्या हातात पाणी होते, त्यांना तो दिसला.

हे मला उशिरा कळले. कसे ते सांगते.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात औषधांची पेटी घेऊन मी एका पाड्यावर गेले होते. संध्याकाळी पाऊस वाढला आणि ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेली. गाडी पलीकडे राहिली, मी अलीकडे. त्याच रात्री दीड वर्षाच्या एका मुलाला जुलाब आणि ओकाऱ्या सुरू होत्या. डोळे खोल गेलेले, रडतानाही अश्रू येत नव्हते. त्याला इस्पितळात न्यायला हवे होते, पण वाट बंद होती. मी गुडघे टेकून प्रार्थना केली की ओढ्याचे पाणी ओसरू दे. पाणी ओसरले नाही.

पेटीत ओआरएसची पुडी होती. आजीने पाणी उकळले, परातीत थंड केले आणि मी मोजून एक लिटर पाण्यात पुडी विरघळवली. मग मुलाच्या आईने चमच्याने पाजायला सुरुवात केली. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. मूल ओकले की दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा हळूहळू सुरू करायचे. शेजारची मुलगी रात्रभर बॅटरी धरून बसली होती. मला मध्येच डुलकी लागली. आईला लागली नाही. पहाटे चारच्या सुमारास आजी ओरडली, "ताय, पोऱ्या मुतला!" आम्ही चौघी हसलो आणि रडलोही. ज्यांनी असे मूल मांडीवर घेतले आहे त्यांना ठाऊक असेल की त्या ओल्या लुगड्याइतकी चांगली बातमी दुसरी नसते.

परत आल्यावर मी देणगीदारांसाठी अहवालात लिहिले की प्रार्थनेमुळे एक बालक वाचले. ते खोटे नव्हते. पण आजी, आई आणि ती बॅटरीवाली मुलगी यांचा त्यात शब्दही नव्हता. चाकरांना मी गोष्टीतून काढून टाकले होते. योहानाने तसे केले नाही.

आणखी एक सांगितले पाहिजे. त्याच पावसाळ्यात दुसऱ्या पाड्यावरचे एक मूल गेले. प्रार्थना त्याच्यासाठीही झाली होती. पुडी मात्र तिसऱ्या दिवशी पोहोचली. त्या आईसमोर चमत्कारावर बोलायची माझी हिंमत नाही. तेव्हापासून एवढेच करते, प्रत्येक पाड्यावर एका घरात पुड्या आधीच ठेवून येते.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रुग्णांना पाजायचे काम त्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. साखरेबरोबर मीठ आतड्यात शोषले जाते आणि त्यांच्यामागे पाणीही, अशी देवाने शरीराची रचना केली आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि अर्धा चमचा मीठ घालावे, जास्त नको. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल गुंगीत गेले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा. ही माहिती आपल्या महिला सभेत जरूर सांगा.

काही सेवक मला विचारतात, औषध देताना सुवार्ता सांगितली नाही तर सेवेचा उपयोग काय? मी त्यांना वराकडे बोट दाखवते. येशूने त्याला बोलावून उपकार सांगितला नाही. लग्नघराची लाज राखली आणि तो विषय तिथेच सोडला. आजाऱ्याच्या उशाशी अट घालणे मला त्या घरातले वाटत नाही. कोणी आपण होऊन विचारले, तर जरूर सांगावे. त्या आजीने विचारले होते, पण दोन वर्षांनी, होळीला, वीटभट्टीवरून मंडळी परतल्यावर. मी कानाची गोष्ट सांगितली. तिने शेवटी एकच विचारले, "रांजण भरणाऱ्यांना जेवायला बसवलं का नाय?"

शास्त्रात त्याचे उत्तर नाही. मी तसे तिला सांगितले.

पुढील अंकासाठी २ राजे ४:१-७ वाचून ठेवा. त्या विधवेने रिकामी भांडी कोणाकोणाकडून आणली, याकडे लक्ष द्या.