अर्धवाहक उद्योगातील उमेदवारी

कृष्णाकाठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत ‘उतारा’ हा शब्द ऊस उत्पादकापासून साखर कारखान्याच्या संचालकापर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. गाळलेल्या उसातून साखर किती हाती आली, यावर कारखान्याचा हिशेब ठरतो. अर्धवाहक म्हणजेच सेमीकंडक्टर उद्योगही अशाच एका उताऱ्यावर उभा असतो. सिलिकॉनच्या एका चकतीवर घडविलेल्या शेकडो चिपांपैकी निर्दोष किती निघाल्या, हा तो उतारा होय. तो सांभाळण्याचे काम प्रक्रिया अभियंत्याकडे असते. चकतीवरील ट्रान्झिस्टर ठरल्याप्रमाणे वागतो किंवा नाही, हे मोजून सांगण्याचे काम डिव्हाइस अभियंता करतो.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमधील धोलेरा येथे दरमहा ५० हजार चकत्यांच्या क्षमतेचा कारखाना उभारण्यास मान्यता दिली. त्यामुळे या क्षेत्राकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणांनी सुरुवातीच्या वर्षांत कोणते काम करावयाचे असते, याची माहिती शिक्षकांना व पालकांना असणे अगत्याचे झाले आहे.

स्फटिकापासून चिपपर्यंत

साखर कारखान्याच्या पॅनमध्ये संपृक्त पाकात बारीक दाण्यांचे बी सोडले जाते व त्यावर साखरेचा दाणा वाढतो. सिलिकॉनचा स्फटिकही बीजापासूनच वाढवितात. सुमारे १४१४ अंश सेल्सिअसला वितळलेल्या अतिशुद्ध सिलिकॉनमध्ये लहानसा बीज-स्फटिक टेकवून तो फिरवीत सावकाश वर ओढला जातो. पोलिश शास्त्रज्ञ यान चोक्राल्स्की यांना या पद्धतीचे तत्त्व १९१६ मध्ये गवसले. फरक असा, की पॅनमध्ये असंख्य दाणे तयार होतात, तर येथे संपूर्ण कांडीचा मिळून एकच स्फटिक असावा लागतो.

या कांडीच्या पातळ चकत्या कापून त्या आरशासारख्या गुळगुळीत करतात. पुढे त्यांवर ऑक्साइडचा थर वाढविणे, प्रकाशसंवेदी लेप देऊन नकाशा उमटविणे, नको असलेला भाग कोरून काढणे, बोरॉन वा फॉस्फरसचे अणू ठरलेल्या खोलीवर रुजविणे आणि धातूच्या वाहिन्या जोडणे या क्रिया पुनःपुन्हा होतात. आधुनिक चिपसाठी अशा शेकडो पायऱ्या लागतात. प्रकाशसंवेदी लेप निळ्या व अतिनील प्रकाशाने बिघडतो, म्हणून त्या दालनात पिवळे दिवे असतात. हवेतील धूलिकण मोजून नियंत्रित केले जातात. ‘वर्ग १००’ च्या दालनात एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे वा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा अधिक चालत नाहीत.

उताऱ्याचे गणित

समजा, चिप तयार होण्यास ५०० पायऱ्या आहेत व प्रत्येक पायरी ९९ टक्के यशस्वी होते. वरवर पाहता हे प्रमाण उत्तम वाटते. परंतु सर्व पायऱ्यांचा गुणाकार केल्यास अखेरीस एक टक्काही चिपा निर्दोष उरत नाहीत. प्रत्येक पायरीचे यश ९९.९ टक्के असल्यास उतारा सुमारे ६१ टक्के येतो आणि ९९.९९ टक्के असल्यास सुमारे ९५ टक्के. प्रक्रिया अभियंत्याची सारी धडपड दशांश चिन्हापुढील या एका नऊसाठी असते. शाळेतील गणिताच्या शिक्षकांना घातांक शिकविताना हे उदाहरण सहज घेता येईल.

पहिली दोन-तीन वर्षे

नवा अभियंता संपूर्ण चिप घडवील, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. त्याच्याकडे बहुधा एखादी पायरी आणि तिची यंत्रे सोपविली जातात. हे कारखाने अहोरात्र चालतात. त्यामुळे पाळीचे काम टळत नाही. साखर कारखान्यातील पाळीच्या केमिस्टप्रमाणेच मागील पाळीची नोंद वाचणे व पुढील पाळीसाठी नोंद लिहून ठेवणे हा या कामाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा नियंत्रण आलेखाचा. अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये ही पद्धत मांडली. थराची जाडी दर वेळी मोजून आलेखावर टिंब द्यावयाचे. टिंबे मर्यादेत असली, तरी ती सलग एकाच दिशेने सरकू लागल्यास बिघाड होण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. या वेळी यंत्र थांबवावे की चालू द्यावे, हा निर्णय तरुण अभियंत्याची खरी परीक्षा घेतो. थांबविल्यास उत्पादन अडते. न थांबविल्यास २५ चकत्यांचा संपूर्ण लॉट वाया जाण्याचा संभव असतो.

तिसरा धडा प्रयोगाचा. एकाच लॉटमधील काही चकत्यांवर तापमान वा वेळ बदलून इतर चकत्यांशी तुलना केली जाते. एका वेळी काय बदलले, याची अचूक नोंद नसेल, तर त्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही.

चौथा धडा सुरक्षिततेचा असून तो क्रमाने चौथा असला, तरी महत्त्वाने पहिला आहे. सिलेन वायू हवेशी संपर्क येताच आपोआप पेट घेऊ शकतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरते व वेदना काही वेळा उशिरा जाणवते. अंगावर थेंब पडल्याचे न लपविता तत्काळ सांगणे हा येथे शिस्तीचा भाग मानला जातो.

शिक्षणाची वाट

पहिला ट्रान्झिस्टर डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत तयार झाला. त्याच वर्षी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मधील, तर या परिसराचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मधील. विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागाचे पातळ थरांवरील संशोधन या विषयाला अगदी जवळचे आहे.

या उद्योगात येण्यासाठी केवळ इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हवी, असे नाही. रसायन, धातुशास्त्र, यंत्र व पदार्थविज्ञान या शाखांच्या विद्यार्थ्यांनाही प्रक्रिया विभागात स्थान आहे. निर्वात पंप, वायुवाहिन्या व यंत्रदुरुस्ती यांसाठी पदविकाधारक लागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप उत्पादनाच्या पदविकेचा स्वतंत्र अभ्यासक्रमही जाहीर केला. डिव्हाइस अभियंत्यास मात्र पदव्युत्तर शिक्षण उपयुक्त ठरते. मुंबईच्या आय.आय.टी.मधील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रात इतर संस्थांच्या संशोधकांनाही प्रशिक्षण व यंत्रे वापरण्याची सोय उपलब्ध करून देण्यात आली आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली चिपांचे उत्पादन सुरू झाले होते. फेब्रुवारी १९८९ मधील आगीत तेथील उत्पादन विभाग भस्मसात झाला व तो पुन्हा उभा राहण्यास अनेक वर्षे लागली. यंत्रे पैशाने आणता येतात. ती चालविणारे अनुभवी हात मात्र वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनेच तयार होतात. म्हणून ही तयारी कारखाना उभा राहण्यापूर्वीच व्हावयास हवी.

तिच्यासाठी महागडी प्रयोगशाळाच हवी, असे नाही. ग्रामपंचायतीत पाण्यातील क्लोरीनची ओ.टी. चाचणी होत असते. तिचे रोजचे आकडे माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर आलेखावर मांडावेत, मर्यादा आखाव्यात आणि एखादे टिंब बाहेर गेल्यास त्याचे कारण शोधावे. जवळच्या साखर कारखान्याची प्रयोगशाळाही हंगामात परवानगीने पाहता येईल. यातून गावाला सुरक्षित पाणी मिळण्यास हातभार लागेल आणि विद्यार्थ्याच्या अंगी मोजण्याची, लिहून ठेवण्याची व आकड्यांवरून निर्णय घेण्याची सवय बाणेल. अर्धवाहक उद्योगाला नव्या अभियंत्याकडून प्रथम याच सवयीची अपेक्षा असते.